खांद्यातला चुना

४ मार्च

भिंगरे,

तुझ्या आईच्या पोटात काही राहत नाही, तेव्हा तुला बातमी लागलीच असेल. माझा उजवा खांदा संपावर गेलाय. हात छातीपर्यंत मुकाट येतो, तिथून पुढे वर न्यायचा म्हटलं की आतून कुणीतरी कडी घालतं. सदरा चढवायला मामीची मदत लागते. आणि मामीची मदत म्हणजे काय ते तू जाणतेसच, मदत मूठभर आणि भाषण पोतंभर.

एरवी मी तुझ्या मागे हे लचांड लावलं नसतं. पण माझ्याकडे जुन्या नाट्यगृहाचं छत आलंय. सबंध छतभर गिलाव्याची वेलबुट्टी आहे, मधोमध जेवणाच्या टेबलाएवढं फूल आहे, आणि एकही पाकळी साच्यातून काढलेली नाही. सगळं हाताने, ओल्या चुन्यात, उताणं पडून केलेलं. ज्याने केलं त्याचं नाव कुणाला ठाऊक नाही, पण मी त्याला मनातल्या मनात रोज नमस्कार करतो. गळतीने त्यातला तिसरा हिस्सा खाली आलाय. तो पुन्हा उभारणारी माणसं इथे दोनच उरलीत. एक मी, आणि दुसऱ्याला बांबूच्या परांचीवर चढलं की चक्कर येते.

व्यवस्थापक म्हणतो, जूनअखेर काम सुरू झालं नाही तर तयार फळ्यांचं सपाट छत खालून ठोकून सगळं झाकून टाकणार. भिंगरे, ते झाकलेलं मला बघवणार नाही. सरळच सांगतो.

डॉक्टरांनी खांद्याचं चित्र काढलं. म्हणाले, स्नायूच्या दोरीत कॅल्शियमचा खडा साचलाय. म्हणजे चुनाच की! मी म्हटलं, "साहेब, जन्मभर भिंतींना लावला, थोडा मला लागला तर बिघडलं कुठे?" ते हसले नाहीत. कागदावर लिहून दिलं: ध्वनिलहरींचे उपचार. आता कोपऱ्यावरच्या दवाखान्यात एक गृहस्थ ते करतात, मोठ्या रुग्णालयात एक बाई करते, आणि प्रत्येकाचं यंत्र निराळं. आवाजाने खडा जातो? तू हेच शिकलीस आणि हेच करतेस. कोणता आवाज घेऊ ते कळव. फोन नको, फोनवर मी गडबडतो.

तुझा मामा


१२ मार्च

प्रिय मामा,

फोन करणारच नव्हते. फोनवर तू "एकदम झकास!" म्हणतोस आणि मामीच्या हातात देऊन मोकळा होतोस. पत्रात खोटं बोलायला जरा तरी कष्ट पडतात.

आधी एक गोष्ट. तुझ्या खांद्यातला चुना भिंतीवरून आलेला नाही. तो शरीर आपला आपणच साठवतं, शिंप्याच्या खांद्यात आणि कारकुनाच्याही. तेव्हा धंद्याला दोष देऊ नकोस.

कोपऱ्यावरचे गृहस्थ बहुधा साधं अल्ट्रासाउंड देत असतील. गार जेल लावायचं, यंत्राची गोल मूठ खांद्यावरून फिरवत राहायची, आत थोडी ऊब जाते. आवाज इतका बारीक की कुत्र्यालाही ऐकू येणार नाही. बरं वाटतं, पण त्याने खडा हलेल असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. आम्हा लोकांतच त्यावर वाद आहेत.

शॉकवेव्ह, म्हणजे धक्क्याच्या लहरी, ही वेगळी जात, आणि तिच्यात दोन भावंडं आहेत. एक पसरणारं. मुठीच्या आत एक लहानसा ठोकळा हवेच्या दाबाने आपटत राहतो, ठकठकठक. धक्का कातडीपाशी सर्वांत मोठा, आत जाईल तसा विरत जातो. टाच, कोपर, वरच्यावर पसरलेली दुखणी यांना मी तेच देते. दुसरं एकवटणारं. त्याच्या लहरी कातडीतून फारसा त्रास न देता आत जातात आणि ठरवलेल्या खोलीवर एकाच जागी जमतात, भिंगाने ऊन गोळा करतो तशा. खड्यावर हे मला सर्वांत पटतं. तेही प्रत्येकाला लागू पडतंच असं नाही, आणि पडलं तरी आठवडे, कधी महिने जातात. मोठ्या रुग्णालयातल्या बाईंना विचार, त्यांच्याकडे एकवटणारं आहे का.

ते छत मला बघायचंय. झाकलेलं नाही, उघडं.

तुझी भिंगरी


२९ मार्च

भिंगरे,

तुझं पत्र तोंडपाठ केलं आणि मग आधी कोपऱ्यावरच गेलो. डोळे वटारू नकोस. चार नमुने बोटांनी चोळून बघितल्याशिवाय मी वाळूसुद्धा घेत नाही.

साधं अल्ट्रासाउंड हा अतिशय सभ्य उपचार आहे. खांद्यावर ऊबदार मूठ फिरते आणि माणूस झोपतो. मी घोरलो. पाच-सहा वेळा घोरून आलो, खडा जिथल्या तिथे. मग त्याच गृहस्थांनी ठकठक यंत्र काढलं. पलीकडच्या खोलीतली म्हातारी ओरडली, "भिंत फोडताय का हो?" हात दोन दिवस हलका वाटला, तिसऱ्या दिवशी पहिले पाढे पंचावन्न. पण माणूस प्रामाणिक निघाला. आपणहून म्हणाला, "काका, तुमचा खडा खोल आहे, माझं हत्यार वरवरचं. रुग्णालयात जा." स्वतःचं गिऱ्हाईक दुसऱ्याकडे धाडणारा माणूस मी फार दिवसांनी बघितला.

आणि ती बाई! काय सांगू तुला. अंगाने एवढीशी, बाह्या कोपरापर्यंत सारलेल्या, केस पेन्सिलीने अडकवलेले. यंत्राला हात लावण्याआधी तिने नुसत्या बोटांनी माझा खांदा चाचपला, डोळे मिटून. मी गिलावा ठोकून आत कुठे पोकळ आहे ते ऐकतो ना, अगदी तसं. मी त्या क्षणी शरण गेलो. यंत्र तिचं एकवटणारंच आहे. "दुखलं की लगेच सांगायचं," म्हणाली. मी म्हटलं, "मला काही होत नाही, तुम्ही चालू द्या." तिने चालवलं. मी हूं की चूं केलं नाही. शेवटी ती म्हणाली, "असा रुग्ण मी पाहिला नाही." आता बोल!

तुझा मामा


९ एप्रिल

प्रिय मामा,

शाबासकी मिळाली म्हणून तू खूश आहेस, पण मला काळजी लागलीय. एकवटलेली लहर खड्यावर बरोबर बसली की माणूस गप्प राहत नाही. माझ्याकडे एक मुष्टियोद्धा येतो, समोरच्याचे दात पाडणारा. तो टेबलावर पडून आईला हाका मारतो.

तेव्हा दोनपैकी एक. यंत्राचा जोर कमी पडतोय, नाहीतर बाईंचा नेम चुकतोय. बोटं कितीही गुणी असली तरी नवं यंत्र अंगवळणी पडायला वेळ लागतो. दुसऱ्या खेपेलाही काहीच झालं नाही तर शेजारच्या शहरातला पत्ता देते, तिथे जा. जून काही लांब नाही.

तुझी भिंगरी


१६ एप्रिल

सौ. भाचीबाई,

हे पत्र मी तुझ्या मामाच्या नकळत लिहितेय, तो मुकादमाकडे गेलाय तोवर. मला तुझ्यासारखं नि त्याच्यासारखं रंगवून लिहिता येत नाही.

काही होत नाही म्हणे! त्याच्या खिशातला रुमाल काल मी धुतला, त्याला दातांनी भोकं पडलीत. यंत्र चालू असताना तो डाव्या हाताने टेबलाची कड धरतो आणि तोंड भिंतीकडे करून रुमाल चावतो. घरी येताना जिन्यात बसतो. मी वरच्या कठड्यावरून बघते, उठायला त्याला किती वेळ लागतो ते. मग दारात येऊन "झकास" म्हणतो.

मी फैलावर घेतलं तेव्हा बोलला. म्हणाला, "दुखतं म्हटलं की ती जोर कमी करणार. अर्ध्या मापाने कधी काम होतं का?" आणि त्यांच्या धंद्याची रीतच तशी आहे गं. परांचीवर जो दुखतं म्हणाला, त्याला दुसऱ्या दिवशीपासून खाली वाळू चाळायला बसवतात. जन्मभर तेच बघितलेला माणूस आहे हा.

त्या बाईंना मात्र नावं ठेवू नकोस. मागच्या खेपेला मी सोबत गेले होते, तेव्हा त्या मुद्दाम बाहेर येऊन मला म्हणाल्या, "घरी तरी काही सांगतात का? माझ्याकडे नुसते हसतात." मला तोंड लपवावंसं वाटलं.

तो माझं ऐकत नाही. तुझं ऐकेल.

मामी


२३ एप्रिल

मामा,

मला कसं कळलं ते विचारू नकोस, आणि मामीवर डाफरू नकोस.

अरे शहाण्या माणसा, तुझं "आई गं" हाच तिचा पत्ता आहे! खडा चित्रात दिसतो हे खरं, पण तू कूस जरा बदललीस की तो जागेवरून सरकतो. म्हणून बाई मूठ थोडी इकडे, थोडी तिकडे करत विचारत असते. जिथे लहर पडल्यावर "हेच, हेच ते माझं रोजचं दुखणं" असं तू म्हणशील, तिथे तिला थांबायचं असतं. खांदा आधी सुन्न करत नाहीत तो याचसाठी. जोर किती ठेवायचा हेही ती तुझ्या तोंडाकडे बघून ठरवते, आणि तू तोंड भिंतीकडे केलंस.

समज, एखाद्या घरमालकाने तुला बोलावलं आणि गळती कुठे आहे ते सांगायलाच तयार नाही. नुसता हसतोय, म्हणतोय, "चालू द्या, झकास आहे." तू काय करशील? सबंध छत खरवडशील. त्या बिचारीने दोन खेपा तेच केलं.

आणि मी न बघितलेल्या बाईच्या हाताला नावं ठेवली. समोर नुसतं हसणारा रुग्ण असून तिने विचारणं सोडलं नाही, हे माझ्याच्याने झालं असतं का कोण जाणे. त्यांना माझा नमस्कार सांग. आणि ओरड. मनसोक्त ओरड.

भिंगरी


५ मे

भिंगरे,

ओरडलो.

आधी लाज वाटली. आडवा झालो, म्हटलं, "बाई, एक सांगायचं राहिलं. मला दुखतं." तिने मूठ बाजूला ठेवली. म्हणाली, "कधीपासून?" म्हटलं, "पहिल्या दिवसापासून." मला वाटलं, आता झापणार. तर ही बाई स्टूल ओढून बसली आणि म्हणाली, "चला, आता आपण दोघं मिळून शोधू."

मग सुरू झालं. मूठ पुढे घेतली, "इथे?" "दुखतंय, पण हे ते नाही." किंचित खाली. "इथे?" "हेही नाही." मग तिने माझा हात पाठीमागे वळवला, मूठ करंगळीच्या नखाएवढी सरकवली, आणि मी जो ओरडलो! बाहेर बाकावर मामी होती. ती म्हणते, दोन रुग्ण उठून घरी गेले. बाई म्हणाली, "हेच का ते?" मी म्हटलं, "हेच, हेच, याच चोराने माझी झोप नेली!" त्यावर तिने जोर आधी पुष्कळ कमी केला, मी सोसेन तसा हळूहळू चढवला आणि जागा तसूभर सोडली नाही. माझा समज काय, तर जोर कमी म्हणजे काम कमी. तिने मला दाखवलं की जागा सापडली की थोडा जोरही पुरतो.

भिंगरे, मी चांगले कारागीर पुष्कळ बघितलेत. ही त्यांच्या पंगतीतली आहे. तुझा नमस्कार पोचवला, तर लाजली.

तुझा मामा


१८ मे

भिंगरी

डाव्या हाताने लिहितो आहे. अक्षराला हसू नको.

परवा पहाटेपासून खांद्यात निखारा ठेवल्यासारखं झालंय. पूर्वीचं दुखणं याच्यापुढे काहीच नाही. हात अंगापासून वीतभर हलत नाही. बसवत नाही, निजवत नाही. मामी रडते, आणि ती रडणारी बाई नाही.

माझं गणित चुकलं. आत काहीतरी फुटलं किंवा तुटलं. तुमच्या विद्येचा दोष नाही, बाईचा तर नाहीच. हाडं जुनी झाली. उद्या व्यवस्थापकाकडे जाऊन सांगून टाकतो की छत झाकून घ्या. तो तरी किती थांबेल.

तुला उघडं दाखवायचं होतं.

मामा


२१ मे

मामा, मामी,

तातडीच्या डाकेने पाठवतेय. सकाळपासून फोन लावते आहे, कुणी उचलत नाही.

मामा, कुठेही जाऊ नकोस, आधी बाईंकडे जा. तुझा खडा इतकी वर्षं खडूसारखा घट्ट बसला होता. असा खडा जेव्हा विरघळायला लागतो, तेव्हा तो ओल्या चुन्यासारखा मऊ होऊन आजूबाजूला पसरतो, तिथे आग होते, आणि ते दुखणं सगळ्यांत वाईट असतं. माझी शंका तीच आहे. इथून शपथेवर सांगू शकत नाही. दुसरंही काही असू शकेल, म्हणून डॉक्टरांनी बघायलाच हवं, पुन्हा चित्र काढायला हवं, आणि वेदना कमी करायचं औषध घ्यायला हवं. ते घेणं म्हणजे हार नव्हे.

मामी, त्याला घेऊन जा. ऐकला नाही तर रिक्षात कोंब.

भिंगरी


३० जून

भिंगरे,

उजव्या हाताने लिहितोय, नीट बघ.

तुझं पत्र आलं तोवर मी व्यवस्थापकाला सांगून मोकळा झालो होतो. त्याने लागलीच फळ्या मागवल्या. मामीने तुझं पत्र उभ्याउभ्या वाचलं आणि मला खरोखरच रिक्षात कोंबलं.

डॉक्टरांनी औषध दिलं, चित्र काढलं. बाईने जुनं आणि नवं शेजारी लावून मला दाखवलं. जुन्यात पांढरा, कडा उठलेला खडा. नव्यात नुसतं धुकं. मी विचारलं, "गेला?" ती म्हणाली, "निघालाय." एवढं बोलून तिने तोंड फिरवलं आणि पेन्सिल काढून उगाच केस पुन्हा बांधले. म्हणजे ती इतके दिवस घाबरली होती, आणि मला एकदाही दिसू दिलं नव्हतं. पुढच्या खेपा तिने थांबवल्या. आग विझल्यावर व्यायाम सुरू केले. बोटांनी भिंतीवर सरड्यासारखं चढायचं. रोज मामी खूण करायची, रोज खूण थोडी वर जायची. दुखलं की मी सांगत होतो. आता सवयच झालीय, मामी म्हणते, पूर्वीचाच बरा होता.

आज नाट्यगृहात गेलो. सपाट फळ्यांची थप्पी रंगमंचावर रचलेली, दोन सुतार मापं घेत होते. व्यवस्थापक म्हणाला, "काका, आता उशीर झाला." मी वाद घातला नाही. परांचीवर चढलो, अगदी वरच्या फळीवर, आणि उजवा हात सरळ वर नेऊन तळवा छताला टेकवला. मोडक्या वेलीच्या शेजारी. हात तसाच ठेवला आणि खालच्या सुतारांशी हवापाण्याच्या गप्पा मारत बसलो. व्यवस्थापक बराच वेळ मान वर करून उभा होता. मग सुतारांना म्हणाला, "फळ्या परत पाठवा."

उतरताना शिडी उजव्या हाताने धरली. डाव्याने नाही.

तुझा मामा


२० नोव्हेंबर

सौ. भाचीबाई,

तुला सुट्टी मिळाली नाही म्हणून तो खट्टू झाला, मग म्हणाला, छत काही पळून जात नाही. काल नाट्यगृह उघडलं, त्याची हकिकत कळवायला मलाच बसवलंय. त्याला स्वतःच्या तोंडाने सांगायला संकोच वाटतो म्हणे.

काम चार महिने चाललं. रोज थोडं, दुखलं की थांबायचं, हे बाईंचं फर्मान त्याने पाळलं. कुठली पाकळी जुनी आणि कुठली याची, ते मला ओळखता आलं नाही. मी त्याला म्हटलं, तुझ्यासारखा कारागीर नाही. इतक्या वर्षांत हे मी कधी तोंडाने म्हटलं नव्हतं. काल म्हटलं.

आम्हाला मधल्या रांगेत बसवलं होतं. बाई आल्या होत्या, त्या माझ्या शेजारी. व्यवस्थापकाने भाषणात सगळ्यांचे आभार मानले, दिवेवाल्याचे, खुर्च्यावाल्याचे. याचं नाव राहिलं. मला राग आला, याला नाही आला. नाटक चांगलं होतं, हसवणारं. पडदा पडला तशा लोकांनी टाळ्या वाजवल्या.

तुझा मामा उठून उभा राहिला आणि दोन्ही हात डोक्याच्या वर नेऊन टाळ्या वाजवायला लागला. सरळ वर, दंड कानाला लागलेले. लोक थांबले, हा थांबेना. बाई त्याच्याकडे बघत होत्या आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, पुसायचंही भान नव्हतं. मागून एकजण चिडून म्हणाला, "ओ काका, हात खाली घ्या, पुढचं काही दिसत नाही."

मी मागे वळले आणि त्याला म्हटलं, "राहू द्या हो. राहू द्या थोडा वेळ."

मामी